इतिलचा सातबारा

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत खजार हा शब्द मी इतिहासाच्या जाड पुस्तकांबाहेर वाचलेला नव्हता. आता आमच्या जुन्या कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर तो आठवड्यातून एकदा तरी उगवतो. गाझावरून वाद पेटला की सकाळी सकाळी कुणीतरी लांबलचक फॉरवर्ड टाकतं: युरोपातून आलेले ज्यू मुळात ज्यू नाहीतच, ते व्होल्गाकाठचे तुर्की खजार, त्यांची राजधानी इतिल रशियात खणून काढली आहे, आता पुरावाही मिळाला. दुपारपर्यंत उलट टपाल येतं: सगळ्या थापा, खजारांनी ज्यू धर्म घेतलाच नव्हता, तिथे ज्यूंची एक वस्तू मिळालेली नाही, आणि ती जागा राजधानीची नव्हेच. रात्री कुणीतरी ग्रुप सोडून जातं. ज्या मातीवरून हे सगळं चाललंय ती नकाशावर नेमकी कुठे आहे, हे दोघांपैकी एकानेही पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इतिलचा शोध चालू राहिला पाहिजे. मध्ययुगीन युरेशियातलं हे फार मोलाचं काम आहे. पण तो शोध कुणाच्याही वंशाचा सातबारा काढून देणार नाही. आणि ज्या कसोट्यांवर त्याला पास-नापास करणं चाललंय त्या कसोट्याच बेताल आहेत. एका बाजूला वीट दिसली की राजवाडा दिसतो. दुसऱ्या बाजूला ज्यूंचा सात फांद्यांचा दीप कोरलेला दगड दिसत नाही म्हणून शहरच दिसेनासं होतं. दोघांच्याही डोक्यात राजधानी म्हणजे वेशीवर नावाची पाटी असलेलं पक्क्या बांधणीचं नगर. इतिल तसं नव्हतं, आणि ते तसं नव्हतं हे दहाव्या शतकातल्या लोकांनीच लिहून ठेवलेलं आहे.

सातव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे तीनशे वर्षं काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या वरच्या अंगाचा गवताळ प्रदेश खजारांच्या हाती होता. तुर्की वळणाचे लोक, दोन राजे: एक खागान, पूज्य पण पडद्याआडचा, आणि दुसरा प्रत्यक्ष कारभार हाकणारा. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. अरबांशी झालेल्या लढायांनंतर त्यांचं केंद्र कॉकेशसच्या पायथ्याकडून उत्तरेला सरकलं आणि व्होल्गाच्या मुखाजवळ राजधानी आली. इतिल हे मुळात नदीचंच तुर्की नाव. शहराला तेच चिकटलं. ९६५ च्या सुमारास कीव्हच्या रुस लोकांचा राजा स्व्यातोस्लाव याने डॉन नदीकाठचा खजारांचा सारकेल किल्ला घेतला, आणि अरब भूगोलकार इब्न हौकलच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या तीन-चार वर्षांत रुस लोकांनी इतिलही धुऊन नेलं. तिथून पुढे हे शहर फक्त पुस्तकांत उरलं.

त्या पुस्तकांत काय आहे? दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तख्री सांगतो, शहर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं आहे, घरं बहुतेक नमद्याचे तंबू, म्हणजे आपल्या बुरणुसासारख्या दाबलेल्या लोकरीचे, थोडीफार मातीची. भाजलेल्या विटांची इमारत एकट्या राजाची, तीही काठापासून दूर, आणि दुसऱ्या कुणालाही विटेने बांधायची परवानगी नाही. मुसलमान दहा हजारांवर, मशिदी तीसेक. लोकांचं मुख्य खाणं भात आणि मासे. (कोकणातल्या वाचकाला इथे घरी आल्यासारखं वाटेल.) त्याच शतकातला अरब इतिहासकार मसूदी सांगतो की राजवाडा नदीतल्या बेटावर होता आणि तिथून काठापर्यंत होड्यांचा पूल होता. न्यायाधीश सात: दोन मुसलमानांचे, दोन खजारांचे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे निवाडा करणारे, दोन ख्रिस्त्यांचे आणि एक मूर्तिपूजक स्लाव व रुस यांचा. राजवाडा काठापासून दूर की बेटावर, यावर दोन साक्षीदारांचं एकमत नाही हेही लक्षात घ्या. आणि मग खुद्द खजार राजा योसेफ याचं स्पेनमधल्या खलिफाच्या ज्यू दरबारी हसदाई इब्न शप्रुतला लिहिलेलं पत्र: वसंतात ज्यू पंचांगातला निसान महिना लागला की आम्ही शहर सोडतो, जो तो आपापल्या शेतामळ्यांकडे जातो, आणि थंडीच्या तोंडावर परततो.

वर्षातला मोठा काळ जिथले लोक तंबू गुंडाळून बाहेर पडतात, ते शहर जमिनीत काय ठेवून जाणार? याचं उत्तर शोधायला व्होल्गापर्यंत जायची गरज नाही. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं मुघल साम्राज्याचं तख्त दिल्लीला नव्हतं, आग्र्यालाही नव्हतं. ते सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या छावणीत होतं. औरंगजेब तिथे बसून काबूलपासून कर्नाटकापर्यंतचे हुकूम काढत होता. बाजार, घोडे, हत्ती, खजिना, जनाना, सगळं तिथे. आज माचणूरला जा. किल्ल्याची तटबंदी आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, घाट आहे, खाली भीमा आहे. त्या कापडी शहराचं काय उरलं? बखरी आणि फारसी कागद नसते तर तिथे उभं राहून कुणी म्हटलं असतं का, की जगातल्या अतिश्रीमंत राज्यांपैकी एकाची राजधानी इथे होती? आणि हे जेमतेम सव्वातीनशे वर्षांपूर्वीचं, न हललेल्या नदीकाठचं. इतिल हजार वर्षांपूर्वीचं, आणि तेही अशा त्रिभुजप्रदेशात जिथे नदी दर काही पिढ्यांनी अंथरूण बदलते. कॅस्पियनची पातळी १९७७ पासून १९९५ पर्यंत सुमारे अडीच मीटर चढली आणि मग पुन्हा उतरू लागली. तो किनारा इतका सपाट आहे की हातभर पाणी चढलं-उतरलं की किनाऱ्याची रेघ कोसभर मागेपुढे होते.

या भागात, अस्त्राखानच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, सामोसदेल्का नावाचं गाव आहे. गावाजवळच्या टेकाडावर २००० पासून दिमित्री वासिल्येव आणि एम्मा झिलिविन्स्काया यांच्या पथकाने खोदकाम केलं. तीन मीटरपेक्षा जाड वस्तीचा थर निघाला. सगळ्यात वर तेरा-चौदाव्या शतकातली सुवर्णटोळी या मंगोल राज्याच्या काळची वस्ती. तिच्याखाली अकरा-बाराव्या शतकातलं शहर, जे बहुधा अरबी ग्रंथांत उल्लेखलेलं सकसीन हे शहर असावं. आणि तळाशी नवव्या-दहाव्या शतकातला, म्हणजे खजारांच्या काळातला थर. तंबूच्या घाटाची गोल घरं मिळाली. जुन्या इमारतीतून काढून पुन्हा वापरलेल्या भाजक्या विटा मिळाल्या. टेकाडाचा मधला भाग कधीकाळी नदीच्या फाट्यांनी वेढलेलं बेट होता, हेही दिसलं. सप्टेंबर २००८ मध्ये वासिल्येव यांनी विटांच्या त्रिकोणी तटबंदीचा हवाला देऊन जाहीर केलं की हेच इतिल. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘असावं’ हा शब्द गाळून ती बातमी छापली. घोडं पेंड खातं ते इथे.

या घोषणेवर ज्यांनी आक्षेप घेतले त्यांचे आक्षेप पोकळ नाहीत, ते नीट मांडायला हवेत. पहिला: तळचा थर उघडला गेला तो थोड्या क्षेत्रात, त्यावरून राजधानीचा विस्तार ठरत नाही. दुसरा, जास्त बोचरा: विटा पुन्हा वापरलेल्या आहेत म्हणजे त्या आधीच्या आहेत इतकंच कळतं, खजार राजाच्या आहेत हे कळत नाही. तिसरा: राजधानीत दिसायला हवा असा उच्चभ्रू ऐवज, शिलालेख, मुद्रा, यांतलं काही नाही. चौथा आक्षेप तर जमिनीनेच घेतला. त्याच कामिझ्याक तालुक्यात सेमिबुग्री गावाजवळ खजार काळातली आणखी एक मोठी वस्ती मिळाली आणि इतिल तिथे असावं असं म्हणणारे पुढे आले. एकाच तालुक्यात दोन राजधान्या म्हणजे निदान एक दावा तरी उतावीळ होता. मला हे सगळं मान्य आहे. २००८ ची घोषणा घाईची होती. पण घोषणा घाईची होती म्हणून जागा चुकीची ठरते का?

प्राचीन जागांची ओळख पटते कशी, हे एकदा पाहू. पाटी सापडून ओळख पटण्याचे प्रसंग फार थोडे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. पण हे तगर कुठलं? एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी देवगिरी सांगितलं, जुन्नर सांगितलं, धारूर सांगितलं. १९०१ मध्ये शिलालेखतज्ज्ञ फ्लीटने बोट ठेवलं ते तेरणेकाठच्या तेरवर, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या विटांच्या देवळासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावावर. ‘तगरात आपलं स्वागत आहे’ असा दगड मिळाला म्हणून नव्हे. नावाची घसरण जुळली, अंतर जुळलं, देवळं जुळली, आणि नंतरच्या काळात तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून रोमन संबंध सांगणाऱ्या वस्तू निघत गेल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारख्या गावातल्याच माणसाने त्या आयुष्यभर गोळा केल्या म्हणून आज तिथे संग्रहालय आहे. ओळख एका दिवशी लागली नाही, ती पन्नास-साठ वर्षांत मुरली. खजारांच्याच सारकेल किल्ल्याचंही असंच झालं. बायझंटाईन सम्राटाने लिहून ठेवलं होतं की डॉनकाठी बांधकामाचा दगड नसल्याने तिथेच भट्ट्या लावून विटा भाजल्या. मिखाईल आर्तामोनोव यांनी १९३० च्या दशकात आणि पुन्हा १९४९ ते १९५१ मध्ये डॉनच्या डाव्या तीरावरची जागा खणली, विटांचा किल्ला निघाला, मजकूर आणि माती जुळली. १९५२ मध्ये त्सिमल्यान्स्क धरणाच्या पाण्याखाली ती जागा कायमची गेली. सारकेल तिथेच होता यावर आज कुणी हुज्जत घालत नाही, आणि तिथेही पाटी नव्हती.

उलट बाजूचं उदाहरणही देतो, कारण ते माझ्या सोयीचं नाही आणि म्हणूनच कामाचं आहे. मंगोलांची राजधानी काराकोरम. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ किसेल्योव यांनी १९४८-४९ मध्ये तिथे एका भव्य खांबांच्या वास्तूचा पाया उघडला आणि सांगितलं, हा चंगीझखानाचा मुलगा ओगदेई याचा राजवाडा. पन्नास वर्षं हे पाठ्यपुस्तकांत होतं. २००० पासून जर्मन आणि मंगोल संशोधकांनी तीच जागा पुन्हा, सावकाश, थराथराने खणली. निघालं काय? बौद्ध मंदिर. मातीच्या छोट्या-छोट्या अर्पणमूर्तींचा खच. राजवाडा पाहायचा म्हणून ठरवून आलेल्या माणसाला मंदिरात राजवाडा दिसला होता. जर्मन उत्खननकर्ता श्लीमानने ट्रॉयमध्ये तिथल्या पुराणकथेतल्या प्रायम राजाचा म्हणून उचललेला खजिनाही असाच हजारेक वर्षं चुकलेल्या थरातला निघाला. यातून सामोसदेल्काच्या टीकाकारांना बळ मिळतं, मिळू द्या. पण राजवाडा गेला म्हणून काराकोरम गेलं नाही. श्लीमानचा थर चुकला म्हणून ट्रॉय हिसारलिकच्या टेकडीवरून उठून दुसरीकडे गेलं नाही. उलट, मंदिर ओळखल्यामुळे मंगोल दरबाराच्या धर्माबद्दल राजवाड्याने सांगितलं असतं त्यापेक्षा जास्त कळलं. चूक दुरुस्त झाली ती कुणी पत्रक काढल्यामुळे नव्हे; जागा राखलेली होती आणि कुणीतरी ती पुन्हा खणली म्हणून.

‘पण हा शोध कुणाच्या पैशावर चालला ते बघा ना,’ असं ग्रुपवरचा एक मित्र हमखास म्हणतो. बरोबर आहे, बघू. सामोसदेल्काच्या कामाला रशियन ज्यू काँग्रेसने पैसा दिला, हे उघड आहे, लपवलेलं नाही. ज्याला इतिल सापडावंसं वाटतं त्याचा पैसा असेल तर निष्कर्षाकडे जास्त डोळसपणे पाहावं, एवढं मी कबूल करतो. पण मग दुसऱ्या पारड्यातलंही तोला. १९५१ च्या अखेरीला सोव्हिएत सत्ताधारी पक्षाच्या ‘प्रावदा’ या वर्तमानपत्राने खजारांना अवाजवी महत्त्व देणाऱ्या इतिहासकारांवर तोफ डागली. रशियन राज्याच्या घडणीत एका तुर्की आणि त्यातही ज्यू दरबाराचा हात होता, हे स्टालिनच्या काळात परवडणारं नव्हतं. आर्तामोनोव यांचा मोठा ग्रंथ यायला १९६२ उजाडलं. दरम्यान इतिहासकार लेव्ह गुमिल्योव यांनी १९५९ पासून व्होल्गाच्या मुखाशी मोहिमा काढल्या, इतिल कॅस्पियनच्या वाढत्या पाण्याने गिळलं असा सिद्धान्त मांडला, आणि पुढच्या लेखनात खजार म्हणजे परक्यांनी आतून पोखरलेलं राज्य अशी ज्यूद्वेषाला खतपाणी घालणारी मांडणी केली. २००५ मध्ये बेल्गोरोद प्रांतात स्व्यातोस्लावचा पुतळा ठरला, त्याच्या पहिल्या रचनेत घोड्याच्या टापांखाली पडलेल्या खजाराच्या ढालीवर डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह होतं. ज्यू संघटनांनी निषेध केल्यावर त्याचं रूप बदललं. म्हणजे इतिल न सापडावं, किंवा सापडलंच तर राक्षसाची गुहा म्हणून सापडावं, अशी इच्छा असणारेही कमी नव्हते आणि त्यांच्या हातात सत्ताधारी पक्षाचं वर्तमानपत्र होतं. हितसंबंध दोन्हीकडे आहेत तर मग तराजू कुठला? तोच कंटाळवाणा: थर, खापरं, कालमापन.

आता त्या सगळ्यात लाडक्या आक्षेपाकडे येतो: ‘ज्यूंची एकही वस्तू मिळाली नाही.’ हा आक्षेप ऐकला की मला रायगड जिल्ह्यातलं नवगाव आठवतं. अलिबागजवळच्या या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज आम्ही, असं बेने इस्रायल समाज सांगतो. कहाणी किती खरी ते सोडून देऊ. पण हा समाज कोकणच्या गावांत शतकानुशतकं राहिला यात शंका नाही. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावंच बोलतात. घर शेजाऱ्यासारखं, भाषा मराठी, नेसण शेजारणीसारखं, धंदा तेलाच्या घाण्याचा. लोकांनी त्यांना वेगळं ओळखलं ते कशावरून? ते शनिवारी घाणा जुंपत नसत. म्हणून नाव पडलं शनिवार तेली. त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं ते १७९६ मध्ये. त्याआधीच्या कोकणातल्या एखाद्या तेल्याचं घर उद्या कुणी खणलं तर काय मिळेल? चूल, खापरं, माशांचे काटे, घाण्याचा दगड. सहा दिवस फिरणारा घाणा सातव्या दिवशी थांबत होता, हे त्या दगडावर कुठे कोरलेलं असणार आहे? शनिवारची विश्रांती मातीत थर धरत नाही. पुरातत्त्वाला दिसत नाही ते नव्हतंच असं म्हणायचं झालं तर मराठी बोलणारा हा अख्खा समाज १७९६ पूर्वी नव्हता असं म्हणावं लागेल.

आणि इतिलमध्ये तर ज्यू धर्म होता तो मुख्यतः राजा आणि त्याच्या भोवतीच्या मंडळींचा. अरबी लेखकच सांगतात की शहरात मुसलमान आणि ख्रिस्ती यांची संख्या जास्त. बरं, वस्तूंवरूनच ठरवायचं तर त्या तीसेक मशिदींचं काय? दहाव्या शतकातला अरब प्रवासी इब्न फदलान याच्या वृत्तान्तात आहे की दुसऱ्या एका ठिकाणी मुसलमानांनी ज्यूंचं प्रार्थनास्थळ पाडल्याचं कळल्यावर खजार राजाने इतिलमधल्या मशिदीचा मिनार पाडला आणि बांग देणाऱ्यांना मारलं. त्या मशिदींपैकी एकीचाही पाया आजवर कुणी बोट ठेवून दाखवलेला नाही. तरी इतिलमधले मुसलमान ही दंतकथा आहे असं कुणी म्हणत नाही. मग एकाच शहरात, एकाच मातीत, एका धर्माला कागदाचा पुरावा पुरतो आणि दुसऱ्याला दगडाचाच लागतो, हा न्याय कुठल्या न्यायाधीशाचा? त्या सातांपैकी तर नक्कीच नव्हे.

धर्मांतर झालंच नाही, असं म्हणणाऱ्या इतिहासकारांचा युक्तिवाद मात्र याहून भारदस्त आहे, त्याला उत्तर देताना घाम फुटतो. २०१४ मध्ये इतिहासकार शॉल स्टाम्पफर यांनी सगळी साधनं तपासून सांगितलं की अरबी लेखक एकमेकांचं उचलून लिहितात, योसेफच्या पत्राची विस्तृत प्रत ज्या फिर्कोविच या एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकाकडून आली तो जुन्या कबरींवरच्या तारखा बदलल्याबद्दल बदनाम होता, आणि ज्यांना हे माहीत असायला हवं होतं असे कित्येक समकालीन गप्प आहेत. यातला प्रत्येक मुद्दा सुटा खरा आहे. पण एकत्र घेतला तर? योसेफच्या पत्राची छोटी प्रत सोळाव्या शतकातच छापली गेली होती, तेव्हा फिर्कोविच जन्मालाही आला नव्हता. ८६० च्या दशकात फ्रँकांच्या मुलखातल्या, आर्देनच्या जंगलातल्या स्ताव्हेलो मठातला ख्रिस्तियन नावाचा साधू, ज्याने एकही अरबी ग्रंथ वाचला असण्याचा संभव नाही, बायबलवर भाष्य करताना जाता जाता लिहितो की खजार सुंता करतात आणि ज्यू धर्म पाळतात. आणि १९९९ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथे चौदा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा ढीग मिळाला. त्यात एक दिरहम, म्हणजे इस्लामी घाटाचं चांदीचं नाणं, असा की महंमदाच्या नावाच्या जागी ‘मूसा अल्लाहचा प्रेषित’ अशी अक्षरं, काळ ८३७-८३८. कुठे व्होल्गा, कुठे आर्देनचं जंगल, कुठे बाल्टिकमधलं बेट! इतक्या लांबच्या आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन कोपऱ्यांनी एकच अफवा रचली, यापेक्षा दरबाराने धर्म घेतला होता हे मानणं सोपं आहे.

इथे फॉरवर्डवाले टाळ्या वाजवायला लागतील, म्हणून लगेच पुढचं. दरबाराने धर्म घेतला होता, यातून युरोपातले ज्यू खजारांचे वंशज आहेत हे मुळीच निघत नाही. १९७६ मध्ये लेखक आर्थर केस्लरने ही कल्पना लोकप्रिय केली. त्याला वाटलं होतं, वंशाचा मुद्दा निकालात निघाला की ज्यूद्वेषाची जमीनच सरकेल. झालं उलटंच, द्वेष्ट्यांना नवं हत्यार मिळालं. पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा यिडिश, ती जर्मन वळणाची. तिच्यात खजारी तुर्की थर असायला हवा होता तो नाही. ऱ्हाईनकाठी वर्म्सचं प्रार्थनास्थळ १०३४ चं, म्हणजे इतिल लुटलं गेल्यावर जेमतेम पासष्ट वर्षांनी तिथे स्थिरावलेला ज्यू समाज होता. २०१३ मध्ये डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासात खजार प्रदेशाशी नातं सांगणारा पुरावा मिळत नाही असं मांडलं. जनुकशास्त्रज्ञ एरान एल्हाईक यांचा उलट दावा आहे, पण तो एकाकी पडला आहे. आणि समजा, उद्या सामोसदेल्कात शंभर माणसं मावतील एवढं प्रार्थनामंदिर निघालं. तरी त्यातून पोलंडमधल्या क्राकोच्या ज्यू शिंप्याचा पणजोबा ठरणार आहे का? पॅलेस्टिनी माणसाच्या घरावर, जमिनीवर, जिवावर अन्याय होत असेल तर तो अन्याय करणाऱ्याचा पणजोबा कुठला होता याने त्यात रतीभर फरक पडत नाही. त्याच्या बाजूने बोलायला खजारांची गरज भासते, तेव्हा बोलणाऱ्याचा स्वतःच्याच मुद्द्यावर विश्वास कमी आहे असं समजावं. दुसऱ्या बाजूलाही तेच लागू: तीन हजार वर्षांपूर्वीची माती दाखवून आजचे हक्क मागणारे आणि हजार वर्षांपूर्वीची माती दाखवून ते नाकारणारे एकाच तलाठ्याच्या रांगेत उभे आहेत. आणि सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, महसुली नोंद. हे आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

राहता राहिलं सामोसदेल्का. मला विचाराल तर तिथला खरा वाद एका वस्तूवर आणून ठेवता येतो: ती पुन्हा वापरलेली वीट. नंतरच्या कुणीतरी गरिबाने आपल्या घराला आधार म्हणून ती जुन्या भिंतीतून उचकटून आणली. वीट शेवटची कधी तापली हे किरणोत्सारामुळे तिच्यातल्या खनिजांत साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येतं; आता ती पद्धत नवी राहिलेली नाही. ती अकराव्या शतकात भाजलेली निघाली तर गोष्ट सकसीनची, इतिलसाठी सेमिबुग्रीत किंवा आणखी कुठे खणायचं, त्यात कमीपणा काही नाही. पण भट्टी नवव्या शतकातली निघाली, तर इस्तख्रीची ती एक ओळ पुन्हा वाचावी लागेल: या शहरात राजाशिवाय दुसऱ्या कुणालाही विटेने बांधायची परवानगी नाही.